किल्ली कोणाजवळ? सकळ लिपीपासून सर्व्हरपर्यंत



आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांनी सर्व्हर, डेटाबेस आणि एन्क्रिप्शनवर काय बोलावं? शंका रास्त आहे. यंत्र कसं चालतं हे इंजिनिअर मंडळी आमच्यापेक्षा चांगलं सांगतील. पण मजकूर लपवणं, तो ठरावीक माणसांनाच वाचता येईल अशी व्यवस्था करणं आणि ती व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणं ही यंत्राच्या आधीची गोष्ट आहे. आपल्या मराठी भाषेला तर तिचा सहाशे वर्षांहून जुना अनुभव आहे. तो अनुभव आपण विसरलो आहोत. म्हणून आज आधी इतिहास पाहू, मग सर्व्हरकडे येऊ.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो. मजकूर कुलुपात घालणं हा तुलनेने सोपा भाग आहे. किल्ली कोणाजवळ राहणार, किती जणांजवळ राहणार आणि ते गेल्यावर तिचं काय होणार, हा अवघड भाग. तेराव्या-चौदाव्या शतकात हाच प्रश्न होता आणि आजही तोच आहे.

आता महानुभाव पंथाकडे येऊ. चक्रधरस्वामींनी आपला उपदेश लोकांच्या बोलीत, मराठीत केला. त्यांच्यानंतर पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. केशिराज हे त्यांच्या मंडळींतले संस्कृतचे मोठे जाणकार. त्यांनी संस्कृतात रचना करायचं मनात आणलं तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं, अशी पंथाची आठवण आहे. कारण काय दिलं? संस्कृतात लिहिलं तर स्वामींच्या परिवारातल्या साध्या माणसांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांना ते कळणार नाही, ती वंचित राहतील. केवढी मोठी गोष्ट आहे पाहा. ज्ञान कोणासाठी, या प्रश्नाचं इतकं स्पष्ट उत्तर त्या काळात क्वचितच कोणी दिलं असेल. त्याच निष्ठेतून म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांना विचारून लीळाचरित्र सिद्ध केलं. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला हा ग्रंथ मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ मानला जातो.

पुढे देवगिरीवर उत्तरेकडून स्वाऱ्या झाल्या. त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत गेली. मग ज्यांना जे पाठ होतं, ज्यांनी जे ऐकलं होतं, त्यांनी ते पुन्हा लिहून काढलं. आज त्या ग्रंथाचे जे वेगवेगळे पाठ मिळतात त्यांचं एक कारण हेच. आजच्या भाषेत सांगायचं तर मूळ सर्व्हर गेला आणि माणसांच्या स्मरणात ठेवलेल्या बॅकअपवरून ग्रंथ परत उभा करावा लागला. बॅकअप होता म्हणून ग्रंथ वाचला. अनेक ठिकाणी होता म्हणून त्यात पाठभेद आले.

यानंतर, चौदाव्या शतकात, एक वेगळंच वळण आलं. पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहायला सुरुवात केली. त्यातली सर्वांत प्रसिद्ध ती सकळ लिपी. ती रवळोबासांनी तयार केली असं परंपरा सांगते. तिच्या जोडीला सुंदरी, अंक, वज्र, शून्य अशा आणखी लिप्या आल्या. सकळ लिपीचं मूळ तत्त्व समजायला कठीण नाही. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर लिहायचं, आणि ही अदलाबदल ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे करायची. ज्याच्याजवळ कोष्टक आहे तो वाचेल, बाकीच्यांना अक्षरं दिसतील पण अर्थ लागणार नाही. कोष्टक महंतांकडून शिष्याकडे, अधिकार पाहून, जायचं.

असं का केलं असावं? अभ्यासक साधारण दोन कारणं देतात. ग्रंथ परक्यांच्या, विरोधकांच्या हाती पडून त्याची विटंबना होऊ नये, हे एक. अनधिकारी माणसाने त्यात ढवळाढवळ करू नये, हे दुसरं. आजची सुरक्षिततेची पुस्तकं उघडून बघा, हीच दोन कारणं आहेत. मजकूर नको त्याला कळू नये आणि नको त्याच्याकडून बदलला जाऊ नये. पोथी चोरीला गेली तरी चोराच्या हाती नुसता कागद लागावा. इंजिनिअर ज्याला ठेवलेल्या माहितीचं एन्क्रिप्शन म्हणतात, ते नेमकं हेच. निरोप वाटेत असताना लपवण्याची विद्या जगभर जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही हेरांच्या सांकेतिक लेखनाचा उल्लेख आहे. पण अख्खा ग्रंथसंग्रह कायमचा सांकेतिक रूपात ठेवायचा, शतकानुशतकं, ही गोष्ट त्या मानाने विरळा. ती मराठीत घडली.

आणि ती यशस्वी झाली, बरं का. पंथ पुढे पार पंजाबपर्यंत पोचला, तिथेही या मराठी पोथ्या जपल्या गेल्या. काही शतकं बाहेरच्यांना त्यांचा पत्ता लागला नाही. पण किंमत काय पडली? जो ग्रंथ म्हाताऱ्याकोताऱ्यांना कळावा म्हणून मराठीत लिहिला होता, तो मराठी माणसालाच वाचता येईना. पंथाविषयी बाहेर काहीच नीट कळत नसल्यामुळे संशय वाढले, कंड्या पिकल्या. ज्या समाजाचं दप्तर आपल्याला वाचता येत नाही त्याच्याविषयी काहीही बोललं तरी खपतं. महानुभाव शब्दाचं ‘मानभाव’ झालं आणि ‘मानभावी’ म्हणजे वरून साळसूद, आतून कपटी, असा शब्द मराठीत रुळला. आजही आपण तो सहज वापरतो. एका अख्ख्या पंथावरचा अन्याय शब्दकोशात जाऊन बसला आहे. त्याला दुसरीही कारणं आहेत, सगळा दोष लिपीवर टाकता येणार नाही. पण खरं काय ते दाखवू शकणारा पुरावा कुलुपात होता, हेही खरं.

हे कुलूप उघडलं विसाव्या शतकाच्या आरंभी. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. मग वि. ल. भावे, य. खु. देशपांडे, ह. ना. नेने अशा संशोधकांनी आणि पंथातल्याही जाणत्या मंडळींनी हे साहित्य उजेडात आणलं. मराठी वाङ्मयाचा इतिहास मागे सरकवून नव्याने लिहावा लागला. तोपर्यंत आपण आपल्याच भाषेच्या जुन्या गद्याबद्दल अंधारात होतो.

याउलट दुसरं उदाहरण घ्या, आपल्या कोल्हापूरचंच. करवीर संस्थानचे कागद इथल्या पुरालेखागारात आहेत. रुमालात बांधलेली दप्तरं, आणि त्यांतला फार मोठा भाग मोडीत. मोडी ही काही गुप्त लिपी नव्हे. हात न उचलता भराभर लिहिता यावं म्हणून ती वापरात होती. कारकुनापासून कुळकर्ण्यापर्यंत सगळ्यांना ती येत असे. कोणी तिला कुलूप लावलं नाही. पण गेल्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतून मोडी गेली. आज घरातला जुना खरेदीखताचा कागद हाती आला तर वाचायला माणूस शोधत फिरावं लागतं. म्हणजे कुलूप न लावताही किल्ली हरवू शकते. वाचणारे संपले की उघडा कागदसुद्धा गुप्त होतो.

तर ही दोन उदाहरणं मनात ठेवा. एकात किल्ली थोड्यांच्या हाती जपून ठेवली, म्हणून ग्रंथ टिकला आणि समाजाला पारखा झाला. दुसऱ्यात किल्ली सर्वांजवळ होती, कोणी जपली नाही, म्हणून ती हळूहळू गेली.

आता यंत्राच्या बाजूला येऊ. अक्षराला अक्षर बदलण्याच्या पद्धतीत एक उणीव आहे, आणि ती नवव्या शतकातच बगदादच्या अल्‌-किंदी या पंडिताने लिहून ठेवली होती. प्रत्येक भाषेत काही अक्षरं फार येतात, काही कमी. सांकेतिक मजकुरात कुठलं चिन्ह सर्वांत जास्त वेळा येतं ते मोजा. ते बहुधा त्या भाषेतलं सर्वांत वापरातलं अक्षर असणार. एक सापडलं की दुसरं सापडतं. पुरेसा मजकूर आणि पुरेसा धीर असला की कोष्टकाशिवायही कोष्टक तयार होतं.

पुढे १८८३ साली ऑगस्ट केरखॉफ्स यांनी एक सूत्र मांडलं, ते या सगळ्या विद्येचा पाया आहे. ते म्हणाले, पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, फक्त किल्ली गुप्त राहिली म्हणजे पुरे. आपल्या घराच्या कुलपाचंही तसंच नाही का? कुलूप कोणत्या कंपनीचं आहे ते साऱ्या गल्लीला दिसतं. सकळ लिपीत पद्धत आणि किल्ली एकच होती. कोष्टक कळलं की सगळ्या पोथ्या उघड्या. नव्या विद्येने या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली या विद्येला गणिताची बैठक दिली. अमेरिकेने १९७७ साली डीईएस नावाची पद्धत प्रमाण म्हणून जाहीर केली. ती उघड छापली होती, किल्ली मात्र ज्याची त्याची. त्या किल्लीची लांबी ५६ बिट. १९९८ साली केवळ याच कामासाठी बांधलेल्या एका यंत्राने शक्य त्या किल्ल्या एकामागून एक लावून पाहत तीन दिवसांच्या आत योग्य किल्ली शोधून काढली. म्हणून २००१ साली तिच्या जागी एईएस आली. ती दोन बेल्जियन संशोधकांनी रचली आणि जाहीर स्पर्धेतून निवडली गेली. ती आजही सर्वत्र वापरात आहे. तिची मोठी किल्ली २५६ बिटांची असते. एकेक किल्ली लावून पाहायची म्हटलं तर जगातली सगळी यंत्रं जुंपली तरी आवाक्यात येणार नाही.

म्हणजे कुलूप आता पक्कं झालं. मग प्रश्न उरतो कुठे?

डेटाबेस म्हणजे काय ते आधी साध्या शब्दांत पाहू. १९७० साली एडगर कॉड यांनी माहिती कोष्टकांत, ओळी आणि रकाने करून, कशी मांडावी याचा निबंध लिहिला. बँकेचं खातं, दवाखान्याचा केसपेपर, कारखान्याच्या सभासदाचं उसाचं बिल, आज सगळं या कोष्टकांत असतं. ही कोष्टकं डिस्कवर फाईलच्या रूपात असतात आणि फाईल पानापानांची असते. इंजिनिअरसुद्धा तिला ‘पेज’च म्हणतात. पूर्वी ही पानं उघडीच असायची. डिस्क काढून नेली, बॅकअपची टेप रिक्षात विसरली, जुना सर्व्हर भंगारात दिला, की ज्याच्या हाती तो पडला त्याने वाचून घ्यावं.

यावर उपाय म्हणून डेटाबेस बनवणाऱ्या कंपन्यांनी सर्व्हरच्या बाजूनेच एन्क्रिप्शन करायची सोय दिली. ओरॅकलने २००५ साली, मायक्रोसॉफ्टने आपल्या एसक्यूएल सर्व्हरच्या २००८ च्या आवृत्तीत. तिला ‘ट्रान्सपरंट डेटा एन्क्रिप्शन’ म्हणतात. ट्रान्सपरंट अशासाठी, की वापरणाऱ्याला काही वेगळं करावं लागत नाही. सर्व्हर पान डिस्कवर लिहिताना ते सांकेतिक करतो आणि वाचायला स्मृतीत घेताना परत उलगडतो. काउंटरवरच्या कारकुनाला पत्ताही लागत नाही. पुढे माहिती भाड्याच्या, दूरच्या संगणकांवर, म्हणजे क्लाउडवर जायला लागली. तिथेही हीच सोय आली. ॲमेझॉनने आपल्या साठवणीच्या सेवेत ती २०११ साली दिली आणि जानेवारी २०२३ पासून नव्याने ठेवलेल्या प्रत्येक वस्तूला आपोआप लावायला सुरुवात केली. आज मागितलं नाही तरी कुलूप लागतं.

छान झालं. पण या कुलपाने कोण बाहेर राहतं आणि कोण राहत नाही, हे नीट बघा. डिस्क पळवणारा बाहेर राहतो. बॅकअप चोरणारा बाहेर राहतो. भंगारवाला बाहेर राहतो. पण जो सर्व्हरला रीतसर विचारतो, त्याला सर्व्हर स्वतःच पान उलगडून देतो. मग विचारणारा खरा कारकून असो, की कारकुनाचा पासवर्ड मिळवलेला चोर असो. डेटाबेसचा कारभार पाहणाऱ्यालाही साधारणपणे सगळं दिसतं. सर्व्हरच्या दृष्टीने दारातून आलेला प्रत्येक जण पाहुणाच. पोथी सकळ लिपीत आहे, पण महंत मोठ्याने वाचून दाखवायला बसले आहेत. मग भिंतीला कान लावणाऱ्याला लिपी कशाला यायला हवी?

दुसरी गोष्ट, अल्‌-किंदीची उणीव नव्या काळातही परत येते. समजा एखाद्या संस्थेने आडनावाचा रकाना असा सांकेतिक केला की एका आडनावासाठी दर वेळी तेच चिन्ह यावं. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात त्या रकान्यातलं सर्वांत जास्त वेळा येणारं चिन्ह कोणतं, हे सांगायला गणिती लागत नाही. ‘पाटील’! किल्ली न लावता आपण पाटील शोधून काढले. ही थट्टा नव्हे. २०१३ साली अडोबी कंपनीच्या ग्राहकांच्या सुमारे १५ कोटी नोंदी बाहेर फुटल्या. त्यांतले पासवर्ड सांकेतिक होते, पण सारखा पासवर्ड तिथे सारखाच दिसत होता, आणि शेजारी ग्राहकांनी लिहिलेल्या आठवणीच्या खुणा उघड्या होत्या. किल्ली कोणालाही सापडली नाही, तरी लाखो लोकांचे पासवर्ड लोकांनी ओळखले. म्हणून आता चांगल्या पद्धतीत प्रत्येक नोंदीत एक यादृच्छिक अंश मिसळतात. मग तोच पाटील दर ओळीत निराळा दिसतो.

आणि तिसरी गोष्ट, खुद्द किल्ली. ती ठेवायची कुठे? सर्व्हरवरच ठेवली तर सर्व्हर नेणारा ती पण नेईल. कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवावी, तसंच ते. म्हणून किल्लीला दुसऱ्या किल्लीने कुलूप लावतात आणि ही मोठी किल्ली वेगळ्या ठिकाणी, खास बनवलेल्या यंत्रात ठेवतात. ते यंत्र किल्ली बाहेर देत नाही. काम असेल ते आत येऊन करून घ्या, म्हणतं. ही कल्पना आपल्याला नवीन नाही. सरकारी कोषागारात आणि बँकेच्या तिजोरीच्या खोलीत दुहेरी कुलूप असतं. एक किल्ली एका अधिकाऱ्याकडे, दुसरी दुसऱ्याकडे. दोघे हजर झाल्याशिवाय दार उघडत नाही. यामागे एक विचार आहे. चांगल्या माणसालाही एकट्याला मोहात टाकू नये, आणि एक जण आजारी पडला, गेला, तर संस्था अडू नये. आधारच्या बाबतीतही जुलै २०१७ मध्ये प्राधिकरणाने फर्मान काढलं. आधार क्रमांक साठवणाऱ्या संस्थांनी ते वेगळ्या, सांकेतिक कोठारात ठेवावेत, इतर कामाला बदली क्रमांक वापरावा आणि किल्ल्या अशाच खास यंत्रात असाव्यात.

उलट बाजूनेही विचार करा. डेटाबेसला कुलूप लावलं, बॅकअप नियमाने घेतला, पण किल्लीची प्रत वेगळी जपली नाही. मग सर्व्हर जळाला किंवा महापुरात गेला. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचं पाणी कुठवर आलं ते आपण पाहिलं आहे. बॅकअप शाबूत आहे, पण तो उघडायचा कसा? आता ती पोथी खुद्द मालकालाच परकी. एईएस चोराला जितकी भारी, तितकीच किल्ली हरवलेल्या मालकालाही भारी. इथे राजवाडे येऊन कोष्टक जुळवून देणार नाहीत, ते गणितानेच अशक्य करून ठेवलं आहे.

हे सगळं पुस्तकी नाही. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ सालची, जुनी, नावाजलेली. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दिवशी तिच्यावर सायबर हल्ला झाला आणि ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. ११ तारखेला काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी सुमारे ७८ कोटी काढले गेले, भारतात अडीच कोटी. त्यांतले काही पैसे आपल्या कोल्हापुरातल्या एटीएममधून निघाले. १३ तारखेला आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. हे घडलं कसं? चोरांनी बँकेची तिजोरी फोडली नाही, खातेदारांच्या कोष्टकांचं कुलूपही उघडलं नाही. एटीएमकडून ‘पैसे द्यावे का?’ असा प्रश्न येतो तो बँकेच्या मूळ यंत्रणेकडे पोचूच दिला नाही. मध्ये एक नकली यंत्रणा बसवली आणि तीच प्रत्येकाला ‘द्या’ म्हणत राहिली. खरा कारभारी आत पक्क्या कुलपात बसलेला, आणि दारात त्याचं सोंग घेतलेला तोतया सही करतो आहे. तोतयाचं बंड पाहिलेल्या महाराष्ट्राला हे समजावून सांगायला नको. कुलूप भक्कम असणं आणि कारभार विश्वासाचा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा प्रसंग ३१ जुलै २०२४ चा. देशभरातल्या लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांना तांत्रिक सेवा देणाऱ्या एका कंपनीवर खंडणीचा हल्ला झाला. सुमारे तीनशे बँकांचं पैसे पाठवण्याचं काम खबरदारी म्हणून काही काळ तोडून ठेवावं लागलं. खंडणीच्या हल्ल्यात चोर काय करतो? तुमच्या माहितीला स्वतः कुलूप लावतो, त्याच पक्क्या पद्धतीने, आणि किल्लीचे पैसे मागतो. विद्या तीच, फक्त किल्ली चोराजवळ. एकच कुलूप रक्षणही करतं आणि ओलीसही धरतं. काय घडणार हे किल्ली कोणाच्या हाती यावर ठरतं.

आता तत्त्वज्ञानाचा मुद्दा, कारण त्याशिवाय आम्हाला चैन पडायचं नाही. सर्व्हरच्या बाजूचं एन्क्रिप्शन म्हणजे कुलूप लावणारा आणि किल्ली राखणारा आपण नव्हे, माहिती ठेवून घेणारा. आपण त्याच्यावर विश्वास टाकतो. दुसरी रीतही आहे. माहिती पाठवणाऱ्यानेच आधी कुलूप लावावं आणि सर्व्हरने कधीच किल्ली पाहू नये. त्यात गुप्तता अधिक, पण सर्व्हरला शोधता येत नाही, बेरीज करता येत नाही, आणि आजोबांनी पासवर्ड विसरला तर नातवाला काही करता येत नाही. म्हणून बँक, दवाखाना, पतसंस्था पहिल्याच रीतीने चालतात, आणि बऱ्याच अंशी तसंच चालणं भाग आहे. पण मग ‘तुमची माहिती एन्क्रिप्टेड आहे’ या वाक्याचा अर्थ ‘तुमची माहिती कोणी पाहू शकत नाही’ असा होत नाही. त्याचा अर्थ एवढाच, की ती कोणी पाहायची हे किल्लीवाला ठरवणार. पूर्वीच्या भाषेत याला अधिकार म्हणत. महानुभावांच्या महंताला पंथ ओळखत होता, तो कोणाला विद्या देतो हे दिसत होतं. आज आपल्या खात्याची किल्ली कोणाजवळ आहे, त्याचं नाव तरी आपल्याला माहीत आहे का?

कायदा या दिशेने सरकतो आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. माहिती सांभाळण्यात वाजवी काळजी न घेणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये निघालेल्या नियमांत काळजीच्या उपायांत एन्क्रिप्शनचं नाव घेतलं आहे. चांगलं आहे. पण दंड चोरी झाल्यावर होतो. किल्लीची विचारपूस आधी करायची असते, आणि ती आपण करू शकतो.

आपला जिल्हा सहकाराचा. दूध संघ, साखर कारखाना, नागरी बँक, पतसंस्था, यांच्या डेटाबेसमध्ये आपल्या घराची उलाढाल आहे. कोणाचं कर्ज थकलं, कोणाच्या नावावर किती जमीन, कोणाच्या सुनेच्या खात्यात किती पैसे, सगळं. आणि या संस्थांचे मालक कागदोपत्री आपणच, सभासद. दरवर्षी वार्षिक सर्वसाधारण सभा होते. लाभांशावर आवाज चढतात, दुधाच्या दरावर तर माइक हिसकावले जातात. पुढच्या सभेत लेखी प्रश्न द्या. फक्त तीन. आमच्या माहितीच्या कुलपाची किल्ली कोणाजवळ आहे: संस्थेजवळ, की सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीजवळ? ती एका माणसाच्या हाती आहे, की दुहेरी कुलपासारखी दोघांच्या? आणि तो माणूस उद्या नोकरी सोडून गेला, किंवा कंपनीशी करार संपला, तर किल्लीची दुसरी प्रत कुठे आहे, आणि बॅकअप त्या किल्लीने उघडून शेवटचा कधी पाहिला होता?

उत्तर देताना व्यासपीठावरची मंडळी एकमेकांकडे पाहू लागली तर समजा, की कुलूप आहे पण किल्लीचा हिशोब नाही. तो हिशोब इतिवृत्तात लिहून घ्या.